दूध, अंडी आणि देशोदेशीचा घरखर्च

या सदराच्या मागील भागात, निरनिराळ्या देशांतील कुटुंबे दूध, चीज आणि अंडी यांवर आपल्या घरखर्चाचा किती हिस्सा घालतात, याचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. त्यांपैकी सहा निवडली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे न देता फक्त गाव दिले आहे.

प्रश्न (एक गृहिणी, अमळनेर): स. न. वि. वि. आमच्या थोरल्या जाऊबाईंचा मुलगा दोन वर्षांपासून जर्मनीत नोकरीला आहे. घरी तो, सून आणि एक लहान मूल. परवा फोनवर म्हणाला, "काकू, इथे दूध-अंडी फार स्वस्त, पगाराच्या तीन टक्क्यांत महिना निघतो." त्याच्या हातात तीन हजार युरो येतात आणि दूध, दही, चीज, लोणी, अंडी मिळून नव्वद युरो जातात. मी माझी वही काढली. आम्ही पाच माणसे. रोज दीड लिटर म्हशीच्या दुधाचा रतीब सत्तर रुपयांनी, म्हणजे महिन्याला ३,१५० रुपये, वरचे दही-पनीर ३५० रुपये, अंड्यांचे दोन ट्रे ४०० रुपये, एकूण ३,९००. घरचा महिन्याचा खर्च ३४,००० आहे, म्हणजे साडेअकरा टक्के झाले. यांचा पगार ४०,००० आहे. स्वस्ताई नक्की कोणाकडे आहे?

उत्तर: आपण वही ठेवता याचा आनंद वाटला, कारण अशा वहीशिवाय या प्रश्नाचे उत्तर हवेतच राहिले असते. आधी एक छोटी दुरुस्ती करू. आपल्या पुतण्याने टक्केवारी पगारावर काढली आहे आणि आपण खर्चावर. आपणही पगारावर काढली, तर साडेअकराचे पावणेदहा टक्के होतात. देशोदेशीचे आकडे शेजारी ठेवताना हीच चूक वारंवार होते, म्हणून कोणताही टक्का वाचण्यापूर्वी तो कशाचा आहे हे पाहावे.

आता रक्कम पाहू. एक युरो साधारण शंभर रुपयांचा धरला, तर त्यांच्या नव्वद युरोंचे नऊ हजार रुपये होतात आणि ते तिघांत वाटले की माणशी तीन हजार येतात. आपल्याकडे माणशी ७८० रुपये पडतात. म्हणजे ज्या घरात 'दूध-अंडी फार स्वस्त' आहेत, त्या घरात त्यांवर माणशी जवळजवळ चौपट पैसा जातो, आणि तरीही तो मिळकतीचा लहानसा भाग ठरतो. जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ साली कुटुंबांचे हिशेब अभ्यासून हेच मांडले होते की, मिळकत वाढते तशी अन्नावरची रक्कम वाढते, पण अन्नाचा हिस्सा मात्र घटतो. पुतण्या हिश्श्याबद्दल बोलतो आहे आणि आपल्या मनात रक्कम आहे, म्हणून दोघांचेही म्हणणे बरोबर असूनही ते जुळत नाही.

भाव कोणाकडे चढा आहे, हे पाहण्याची मला आवडणारी पद्धत म्हणजे एक लिटर दुधासाठी किती मिनिटे राबावे लागते ते मोजणे. तिकडे एक लिटर साधे दूध सुमारे एका युरोला मिळते. महिन्याला १६० तास काम आणि तीन हजार युरो हातात धरले, तर तासाला सुमारे एकोणीस युरो पडतात आणि लिटरभर दुधासाठी तीन-सव्वातीन मिनिटे पुरतात. आपल्या घरी सव्वीस दिवस आठ-आठ तास धरले, तर तासाला १९२ रुपये पडतात आणि सत्तर रुपयांच्या लिटरसाठी जवळपास बावीस मिनिटे जातात. दोन्हीकडच्या मजुरीत दहापट अंतर आहे, पण दुधाच्या भावात दीडपटही नाही. न्हाव्याकडचे केस कापणे किंवा रिक्षाचे भाडे यांत जितकी तफावत दिसते तितकी दुधात दिसत नाही, कारण दुधाची भुकटी आणि लोणी जगभर फिरते, तर न्हाव्याची कात्री फिरत नाही. म्हणूनच 'भारतात सगळेच स्वस्त' हे विधान दुधाच्या बाबतीत फार जपून करावे लागते. जागतिक बँकेच्या किंमत-तुलना कार्यक्रमानुसार २०१७ साली सर्व वस्तू व सेवा मिळून एका डॉलरची खरेदीशक्ती भारतात २०.६५ रुपयांइतकी होती, म्हणजे अमेरिकेत डॉलरला जे मिळे ते इथे सरासरी तेवढ्या रुपयांत मिळे, तर बाजारातील विनिमय दर ६५.१२ रुपये होता. पण हा सरासरी दर घेऊन कोणी दुधाचे पैसे बदलू लागला, तर त्याचा हिशेब चुकेल.

मात्र आपल्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. तिकडच्या साध्या दुधात साडेतीन टक्क्यांच्या आसपास फॅट असते, तर आपल्या म्हशीच्या दुधात सहा किंवा त्याहून जास्त. आपण साय विरजून लोणी कढवत असाल, तर तुपाचे पैसे याच ३,१५० रुपयांत आले आहेत. पुतण्याच्या घरी लोणी वेगळे विकत आणावे लागते. शिवाय त्यांच्या नव्वद युरोंतला मोठा भाग चीजचा असण्याची शक्यता आहे. जर्मनीत माणशी वर्षाला चोवीस-पंचवीस किलो चीज खाल्ले जाते आणि एक किलो चीजला साधारण दहा लिटर दूध लागते. म्हणजे ते दुधाबरोबर कारखान्याची, मुरवणीची आणि शीतगृहाची मजुरीही विकत घेतात, तर आपण ती मजुरी आपल्याच स्वयंपाकघरात करता आणि वहीत तिचा रकाना नाही.

सरकारी तक्त्यांत आणखी एक खाच आहे. युरोपीय संघात २०२२ साली कुटुंबांच्या खर्चातला १३.६ टक्के हिस्सा अन्न व मद्यविरहित पेयांवर गेला. ही आकडेवारी राष्ट्रीय लेख्यांवरून, म्हणजे साऱ्या देशाच्या जमाखर्चाच्या सरकारी हिशेबावरून काढतात आणि त्यांत स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्यानेही जणू भाडे भरले, असे धरून ते मानीव भाडे एकूण खर्चात मिळवलेले असते. आपल्याकडच्या घरखर्च सर्वेक्षणात मालकीच्या घराचे असे भाडे धरत नाहीत. भागणारा आकडा, म्हणजे एकूण खर्च, तिकडे फुगलेला आणि इकडे आटलेला असल्यामुळे अन्नाचा टक्का तिकडे आहे त्याहून लहान व आपल्याकडे मोठा दिसतो. अमळनेरचे आपले घर स्वतःचे असेल, तर त्याचे महिन्याचे भाडे पाच-सहा हजार समजून ३४,००० मध्ये मिळवून पाहा. साडेअकरा टक्के लगेच दहाच्या आसपास येतील.

भारतातल्या सरासरीशी तुलना करायची, तर २०२३-२४ च्या याच घरखर्च सर्वेक्षणानुसार शहरी भागात माणशी मासिक खर्च ६,९९६ रुपये होता आणि त्यातला ७.१९ टक्के, म्हणजे सुमारे ५०३ रुपये, दूध व दुग्धजन्य पदार्थांवर गेला. ग्रामीण भागात ४,१२२ रुपयांपैकी ८.४४ टक्के, म्हणजे सुमारे ३४८ रुपये. आपला माणशी खर्च ६,८०० असून दूध-दह्याचे ७०० पडतात. आपले घर दुधाला हात आखडता न घेणारे आहे, एवढाच याचा अर्थ होतो.

प्रश्न (अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, धुळे): आंतरराष्ट्रीय तक्त्यांत 'दूध, चीज आणि अंडी' असा एकच गट असतो. दूध आणि अंडी यांचा संबंध काय? आमच्या घरात तर दूध देवघरापर्यंत जाते आणि अंड्याला वेगळे भांडे असते.

उत्तर: हा गट संयुक्त राष्ट्रांच्या, घरखर्चाचे हेतूनुसार वर्गीकरण करणाऱ्या पद्धतीतून आला आहे. त्या पद्धतीत ०१.१.४ या क्रमांकाखाली दूध, चीज आणि अंडी एकत्र ठेवली आहेत. प्राण्याला न मारता मिळणारे, रोज ताजे लागणारे आणि नाश्त्याच्या टेबलावर शेजारी शेजारी येणारे पदार्थ, असा त्यामागचा विचार दिसतो. आपल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात अंडी मासे व मांसाबरोबर मांडली जातात आणि अमेरिकेच्या ग्राहक-खर्च सर्वेक्षणातही ती मांस-मासळीच्याच गटात असतात, त्यामुळे आपण एकटेच वेगळे आहोत असे समजू नका. प्रकल्प लिहिताना एवढे पाहा की, परदेशी तक्त्यातील 'दूध, चीज, अंडी' या ओळीसमोर भारताची नुसती 'दूध व दुग्धजन्य पदार्थ' ही ओळ ठेवली, तर अंड्यांचे पैसे गळतात. सुदैवाने ही गळती मोठी नाही. २०१२ हे आधारवर्ष असलेल्या आपल्या ग्राहक किंमत निर्देशांकात दुधाचा भार, म्हणजे शंभरपैकी वाटा, ६.६१ होता आणि अंड्यांचा अवघा ०.४३.

प्रश्न (एक पशुपालक शेतकरी, शिरपूर तालुका): माझ्याकडे चार म्हशी आहेत, दोन दुधावर. दिवसाला अठरा लिटर निघते. तीन लिटर घरी ठेवून पंधरा लिटर डेअरीला घालतो, ५२ रुपयांच्या आसपास भाव बसतो. मागे सर्वेक्षणवाले आले होते. त्यांनी घरच्या तीन लिटरचेही पैसे आमच्या खर्चात लिहिले. खिशातून एक रुपया गेला नाही, तर खर्च कसा?

उत्तर: आपली शंका अगदी रास्त आहे. सर्वेक्षणाला आपल्या खिशापेक्षा आपल्या ताटात रस असतो. घरच्या गोठ्यातले दूध मोजलेच नाही, तर ज्या गावांत घरोघरी दुभते आहे ती गावे दूध न पिणारी ठरतील आणि पाकीट विकत घेणारे शहर तेवढे पिणारे ठरेल. म्हणून घरात पिकलेले आणि घरात खाल्लेले, मग ती ज्वारी असो की दूध, खर्चात धरतात. पण त्याला बाजारातला किरकोळ भाव लावत नाहीत, शेतावरचा किंवा गोठ्यावरचा भाव लावतात. आपल्या बाबतीत तो डेअरीचा ५२ रुपयांचा भाव. तीन लिटर, तीस दिवस, म्हणून ४,६८० रुपये लिहिले गेले असतील.

यातून एक गंमत निर्माण होते, आणि ती देशोदेशीच्या तुलनेतही तशीच उतरते. तेच तीन लिटर शिरपूर शहरातल्या कुटुंबाने सत्तर रुपयांनी घेतले, तर त्याच्या नावावर ६,३०० रुपये पडतात. दूध तेवढेच असते, सायही तेवढीच येते, पण तक्ता म्हणतो की शहर जास्त खर्च करते. ग्रामीण माणूस दुधावर ३४८ रुपये आणि शहरी माणूस ५०३ रुपये खर्च करतो, असे वर सांगितले, त्यातल्या फरकाचा काही भाग हा असा नुसत्या भावाचा आहे. केनियासारख्या देशात, जिथे पुष्कळसे दूध लहान शेतकऱ्यांच्या गोठ्यातून थेट घरात किंवा शेजाऱ्याकडे जाते, तिथेही हीच अडचण उभी राहते. अमेरिकेत जवळजवळ सगळे दूध दुकानातूनच येत असल्यामुळे हा प्रश्नच उरत नाही. दोन देशांच्या आकड्यांची तुलना करताना एकीकडे गोठ्याचा भाव आणि दुसरीकडे दुकानाचा भाव आहे, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

आपण सरकी ढेप, कडबा, हिरवा चारा आणि डॉक्टर यांवर जो खर्च करता, तो मात्र या घरखर्चात कुठेच येत नाही, कारण तो धंद्याचा खर्च समजला जातो. तूप घरी केले, तर त्याचे पैसे पुन्हा वेगळे लावू नयेत. त्यासाठी लागलेले दूध एकदा मोजून झालेले असते. आणि शेजारपाजारी दिलेल्या ताकाचे काय, असे आपण पुढे विचाराल. गावात ताक विकायचे नसते, हा आपल्याकडचा जुना दंडक. त्यामुळे खानदेशातल्या कित्येक घरांत भाकरीबरोबर रोज पोटात जाणारा एक दुग्धजन्य पदार्थ रुपयांच्या हिशेबात फारसा दिसत नाही.

आपल्या पत्रातला खरा महत्त्वाचा आकडा मला अठरापैकी तीन हा वाटतो. डेअरीचा भाव वाढला की घरचे तीन लिटर दोनवर येतात, असे पुष्कळ पशुपालक बायाबापड्या सांगतात. त्या वेळी सर्वेक्षणाच्या कागदावर आपल्या घराचा एकूण खर्च वाढलेला दिसेल, म्हणजे आपण सुधारलो असे वाटेल, आणि पोरांच्या पेल्यातले दूध मात्र कमी झालेले असेल.

प्रश्न (निवृत्त बँक कर्मचारी, जळगाव): मुलगी-जावयाकडे ऑकलंडला चार महिने राहून आलो. शहर सोडले की जिकडे पाहावे तिकडे गायी. असे असूनही तिथले लोक दूध-लोण्याच्या भावाबद्दल सारखी तक्रार करतात. मुलगी सांगत होती की २०२३ च्या सुरुवातीला तर दुकानांतून अंडी मिळेनात. पिकते तिथेच महाग, हे कसे?

उत्तर: रावेर-यावलच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. केळी दारात पिकते, पण तिचा भाव बऱ्हाणपूरच्या लिलावावर आणि उत्तरेकडच्या मागणीवर ठरतो. न्यूझीलंडचे तसेच आहे. तिथल्या दुधापैकी सुमारे ९५ टक्के दूध भुकटी, लोणी, चीज अशा रूपांत परदेशी जाते. म्हणून घरच्या ग्राहकालाही जगाच्या बाजारातलाच भाव मोजावा लागतो. १९८४ नंतर त्या देशाने शेतीची अनुदाने जवळजवळ संपवली. त्यात भर म्हणजे तिथला १५ टक्के वस्तू व सेवा कर दूध-अंड्यांनाही लागू आहे. आपल्याकडे ताज्या दुधावर आणि कवचातल्या अंड्यांवर तो नाही, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद पनीरवरचाही काढला असून लोणी, तूप व चीज १२ वरून ५ टक्क्यांवर आणले आहे. जर्मनीत दूध-अंड्यांना ७ टक्के हा सवलतीचा दर आहे. डेन्मार्क मात्र दुधाला असा सवलतीचा दर न देता सरसकट २५ टक्के कर घेत आला आहे. घरखर्चाच्या तक्त्यातला दुधाचा आकडा हा करासह असतो, ही साधी गोष्ट तुलना करणारे विसरतात.

अंड्यांचे कारण वेगळे आहे. न्यूझीलंडमध्ये १ जानेवारी २०२३ पासून कोंबड्यांना जुन्या पद्धतीच्या अरुंद पिंजऱ्यांत ठेवण्यास बंदी आली. दहा वर्षे आधी सूचना दिलेली असूनही पुरेशा पर्यायी शेड उभ्या राहिल्या नव्हत्या आणि टंचाई झाली.

याच्या उलट टोकाला कॅनडा आहे. तिथे १९७० च्या दशकापासून दूध आणि अंडी किती काढायची याचा कोटा ठरलेला असतो, उत्पादनखर्च पाहून भाव बांधतात आणि आयातीवर मोठा कर लावतात. शेतकरी निर्धास्त असतो, पण ग्राहक सीमेपलीकडच्या अमेरिकनापेक्षा जास्त मोजतो. युरोपीय संघातही १९८४ पासून २०१५ पर्यंत दुधाचा कोटा होता. आपण या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहोत: निर्यात फार थोडी, आयात भुकटीवर साठ टक्के शुल्क, आणि देशातच प्रचंड गिऱ्हाईक. १९९८ पासून भारत जगातला सर्वांत मोठा दूध उत्पादक आहे, पण त्या दुधाचा बहुतेक भाग देशातच संपतो.

प्रश्न (अंडी उत्पादक, नवापूर): अमेरिकेत अंडी सोन्याच्या भावाने विकली जात असल्याच्या बातम्या २०२५ मध्ये वाचल्या. बर्ड फ्लू आम्हीही दोनदा भोगला. आमच्याकडे तेव्हा अंड्याला कोणी विचारत नव्हते. एकाच रोगाने तिकडे भाव चढतो आणि इकडे पडतो, असे का?

उत्तर: हा प्रश्न नवापूरकरांनीच विचारावा असा आहे. भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच गावात नोंदला गेला आणि लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. २०२१ च्या सुरुवातीस तीच आपत्ती पुन्हा आली. दोन्ही वेळा पुरवठा घटला होता, पण त्याहून कितीतरी जास्त मागणी घटली. लोकांनी भीतीपोटी अंडी आणि चिकन बंद केले, सीमेवरच्या जिल्ह्यांनी वाहतूक रोखली, आणि रोग नसलेल्या गावांतल्या शेडमध्येही माल पडून राहिला.

अमेरिकेत फेब्रुवारी २०२२ पासून साथ आहे आणि मार्च २०२५ पर्यंत तिथे पंधरा कोटींहून अधिक पक्षी गेले. तिथला ग्राहक घाबरला नाही. अंडे नीट शिजवले तर धोका नाही, हे त्याला पटले होते. त्यामुळे मागणी जागच्या जागी राहिली आणि माल आटला. डझनाचा सरासरी किरकोळ भाव जानेवारी २०२३ मध्ये ४.८२ डॉलर झाला, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात निम्म्याखाली उतरला आणि मार्च २०२५ मध्ये ६.२३ डॉलर या उच्चांकावर पोचला. तिकडे एकेका फार्मवर लाखो कोंबड्या असतात, त्यामुळे एका ठिकाणी रोग आला की पुरवठ्याला एकदम भगदाड पडते. नवी कोंबडी अंड्यावर यायला साडेचार-पाच महिने लागतात, म्हणून ते लवकर बुजत नाही. जपानमध्येही २०२२-२३ च्या हिवाळ्यात सुमारे एक कोटी सत्तर लाख कोंबड्या गेल्या आणि जिथे अंड्याचा भाव वर्षानुवर्षे हलत नाही अशी ख्याती होती, तिथे उपाहारगृहांनी अंड्याचे पदार्थ यादीतून काढले.

घरखर्चाच्या अंगाने पाहिले, तर यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अमेरिकी कुटुंब २०२३ साली खर्चयोग्य मिळकतीचा ११.२ टक्के भाग अन्नावर घालत होते, आणि त्यातही घरी शिजवायच्या अन्नाचा वाटा ५.३ टक्केच होता. बाकीचा बाहेर खाण्यावर गेला. त्या ५.३ मधला अंड्यांचा वाटा किती लहान असेल, ते आपण ओळखू शकाल. तरीही अंड्यांचा भाव तिथे निवडणुकीच्या भाषणांपर्यंत गेला, कारण अंडे दर आठवड्याला घेतात, त्याचा भाव तोंडपाठ असतो आणि त्याला पर्याय नसतो. आपल्याकडे ही जागा कांद्याची आहे.

आपल्या अंड्यांच्या भावाची भरती-ओहोटी रोगापेक्षा पंचांगाने जास्त ठरते. श्रावणात भाव उतरतो, थंडीत चढतो, हे आपल्याला मी सांगावे असे नाही. सर्वेक्षण ऑगस्ट ते जुलै असे पूर्ण वर्षभर चालवतात त्याचे एक कारण हेही आहे. नुसत्या श्रावणात घरोघर फिरून अंडी मोजली, तर अवघा महाराष्ट्र शाकाहारी निघेल. आणखी एक अडचण मापांची. १९८२ पासून काम करणारी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती शंभर अंड्यांचा भाव जाहीर करते, आपण तीस अंड्यांचा ट्रे विकता, अमेरिकन डझन घेतो, जर्मन आणि जपानी माणूस दहाचे खोके घेतो. आपल्या दुकानाबाहेरच्या फळ्यावर परदेशी भाव लिहिण्याची हौस असेल, तर आधी एका अंड्याचा भाव काढावा.

प्रश्न (जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक, धडगाव तालुका): ग्रामीण भारतात माणशी साडेतीनशे रुपये दुधावर खर्च होतात, असे आपण लिहिता. आमच्या पाड्यांवर दूध चहापुरते, तेही रोज नाही. कोंबड्या प्रत्येक घरी आहेत, पण अंडी बाजाराच्या दिवशी विकून मीठ-तेल आणतात. आमची मुले या सरासरीत कुठे बसतात? आणि ज्या देशांत खर्च जास्त, तिथली मुले जास्त सुदृढ, असे समजावे का?

उत्तर: आपली मुले सरासरीत आहेत, पण सरासरीत ती दिसत नाहीत. हरियाणा, पंजाब आणि राजस्थानच्या ग्रामीण भागात दुधावरचा खर्च इतका मोठा आहे की तो देशाची सरासरी वर ओढतो. पंजाबात दुधाची दरडोई उपलब्धता रोज एक किलोहून जास्त आहे, तर देशाची २०२३-२४ मध्ये ४७१ ग्रॅम होती. हा आकडाही एकूण उत्पादनाला लोकसंख्येने भागून काढलेला असतो. त्यातून पेढ्याचा खवा होतो, हॉटेलांचा चहा होतो, आणि उरलेले ज्याला परवडते त्याच्या घरी जाते. धडगावच्या पाड्यावर ४७१ ग्रॅम पोचते असे कोणी म्हटले, तर त्याला एकदा तोरणमाळच्या घाटातून घेऊन या.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. चीनमध्ये माणशी दूध आपल्यापेक्षा कितीतरी कमी घेतले जाते, पण जगातल्या अंड्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक अंडी तिथे निघतात. जपान आणि मेक्सिको येथे माणशी वर्षाला तीनशेहून अधिक अंडी खाल्ली जातात. भारतात २०२३-२४ मध्ये माणशी १०३ उपलब्ध होती, तर पोषणतज्ज्ञांची शिफारस १८० ची आहे. आपल्याकडे दुधावरचा खर्च धान्यावरच्या खर्चाच्याही पुढे गेला आहे, कारण स्वस्त वा मोफत धान्यामुळे तो हिस्सा ग्रामीण भागातही पाच टक्क्यांच्या आत आला. पण ज्या घरात दुधाची सवय नाही, तिथे तोच पैसा अंड्यावर घातला, तर पदरात जास्त पडते. सात रुपयांच्या अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. पाव लिटर गायीच्या दुधात आठ ग्रॅम मिळतात, पण त्यासाठी चौदा-पंधरा रुपये लागतात. दुधातले कॅल्शियम अंडे देत नाही, हेही खरे आहे. सातपुड्यातल्या घरांत ती उणीव नाचणी काही प्रमाणात भरून काढते.

अंगणवाडीत किंवा शाळेत मिळणारे अंडे घरखर्चाच्या तक्त्यात येत नाही, कारण ते घराने विकत घेतलेले नसते. आदिवासी भागासाठी राज्याची अमृत आहार योजना २०१५ पासून आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे, आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे, असा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा राज्याचा निधी थांबला. दोन्ही वेळा आपल्या पाड्यावरच्या घरांचा अंड्यांवरचा खर्च जिथल्या तिथेच राहिला असणार आणि मुलांनी खाल्लेली अंडी मात्र आधी वाढून मग कमी झाली असणार. आपल्या वर्गातल्या मुलांनी आठवड्यात किती अंडी खाल्ली आणि घरच्या कोंबडीने किती घातली, हे दोन आकडे आपण वर्षभर एका वहीत लिहून ठेवले आणि आम्हाला पाठवले, तर या सदरात ते आनंदाने छापू.